जिथं तांबडे तारे संपतात

मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास मुंबईत, अहिल्यानगरात किंवा नांदेडात गच्चीवर जावं आणि मान सरळ वर करावी. स्वातीचा तारा तेव्हा जवळजवळ नेमका डोक्यावर आलेला असतो. ही गावं १९ अंश अक्षांशाच्या आजूबाजूला आहेत, आणि स्वातीही आकाशातल्या विषुववृत्तापासून उत्तरेला तेवढ्याच अंशांवर आहे. म्हणून रोजच्या फेरीत तो या गावांच्या माथ्यावरूनच जातो. एरवी सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवून त्याला शोधतात, या दिवसांत शोधावंही लागत नाही. उन्हाळ्यातली धूळ, शहराचा उजेड, पावसाळ्याची चाहूल देणारे तुरळक ढग, या सगळ्यांतून त्याचा नारिंगी प्रकाश खाली पोचतो. तो तिथून निघाला त्याला ३७ वर्षं झालेली असतात.

त्याच आठवड्यात दिवसा आणखी एक गोष्ट घडत असते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो. माझ्या आजोळी त्या दिवसांत सकाळी भेटणारा प्रत्येक जण दुसऱ्याला रोहिणीच्या पावसाबद्दल विचारायचा. रोहिणी बरसली की मृगाची पेरणी साधणार, असा हिशोब असे. पण रोहिणीचा तारा त्या पंधरवड्यात कुणालाच दिसत नाही. जूनच्या पहिल्या दिवसांत सूर्य त्याच्या अगदी जवळून जात असतो आणि तारा त्या झगमगाटात बुडालेला असतो. सूर्य आठ प्रकाशमिनिटांवर, रोहिणी त्याच्या पाठीमागे सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर. मला या मांडणीचा विचार करायला फार आवडतं, कारण रोहिणी आज जी आहे ते सूर्याला पुढे व्हायचं आहे.

रोहिणी आणि स्वाती दोन्ही तांबडे राक्षसी तारे. गाभ्यातला हायड्रोजन संपवून बसलेले, फुगलेले, पृष्ठभागानं थंडावलेले. स्वातीचा व्यास सूर्याच्या सुमारे २५ पट आहे, रोहिणीचा ४० पटींहून जास्त. वस्तुमान मात्र दोघांचंही सूर्याच्या फार पुढे नाही. म्हणजे हे कुणी विशेष तारे नव्हेत. सूर्यासारखेच बेताच्या वजनाचे, बेताच्या उजेडाचे तारे म्हातारे झाले की असे दिसतात. विश्व किती मोठं आहे आणि किती वेगानं पसरतं आहे, हे ठरवण्याचं काम आज या साध्या, वयस्क ताऱ्यांकडे आलं आहे. त्यांच्याबद्दल लिहावं असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

अंतर मोजायचं तर मूळ तेज माहीत असलेली एखादी वस्तू हवी. ती किती मंद दिसते ते पाहायचं, की ती किती दूर आहे ते निघतं. युक्ती एवढीच, पण मूळ तेज माहीत असणं ही गोष्ट आकाशात दुर्मीळ आहे. तारे नाना वजनांचे, नाना वयांचे, कुणी धुळीआड, कुणी जोडीनं. हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली लहान मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या २५ रूपविकारी ताऱ्यांवरून दाखवून दिलं, की ज्याचा उजेड जितक्या संथपणे कमीजास्त होतो तो तितका मूळचा तेजस्वी. सेफीड ताऱ्यांचा हा नियम हाती आला नि त्याच्या जोरावर एडविन हबल यांनी १९२३ साली देवयानी दीर्घिकेतला एक सेफीड पकडला. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे तेव्हा पक्कं झालं. सेफीडची कीर्ती योग्यच आहे. पण ते तरुण, जड तारे. दीर्घिकेच्या तबकडीत, धुळीत, गर्दीत राहणारे. तांबडे राक्षसी तारे कुठंही असतात. दीर्घिकेच्या अगदी बाहेर, जिथं धूळ नाही, नवे तारे जन्मत नाहीत, जिथं पाहण्यासारखं काही नाही असं कुणालाही वाटेल, तिथं ते विखुरलेले असतात.

त्यांचं मूळ तेज कळतं कसं, ही या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी ताऱ्याच्या आत उतरावं लागतं.

सूर्यासारख्या ताऱ्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला की तिथं नुसता हीलियम उरतो. हीलियम पेटायला सुमारे दहा कोटी अंश तापमान लागतं, तेवढं अजून झालेलं नसतं. मग गाभ्याभोवतीच्या पातळ कवचात हायड्रोजन जळत राहतो आणि तयार होणारा हीलियम आत साठत जातो. गाभा जड होतो, आक्रसतो. शेवटी शेवटी सूर्याच्या जवळजवळ निम्मं वस्तुमान पृथ्वीच्या दोन-तीन पट रुंदीच्या गोळ्यात बसलेलं असतं, आणि त्याच्या भोवतीचा तारा मात्र सूर्याच्या शेकडोपट रुंदीकडे निघालेला असतो. एवढा लहान गोळा आणि एवढा विरळ पसारा. आतल्या गोळ्याला बाहेरच्या पसाऱ्याचं जवळजवळ काहीच देणंघेणं राहत नाही. कवच किती जोमानं जळेल हे गाभ्याच्या वजनावर ठरतं. वरचा थर जाड आहे की पातळ, तारा जन्माला आला तेव्हा सूर्याच्या ०.८ पट होता की दीडपट, याचा त्यात फारसा हात नसतो. गाभा जड होत जातो तसतसा तारा उजळत जातो.

या गाभ्यात इलेक्ट्रॉन इतके दाटलेले असतात, की पुंजयामिकीच्या नियमानं त्यांना आणखी जवळ येता येत नाही. गाभ्याला तोलून धरणारा दाब या नाइलाजातून येतो आणि तो तापमानावर अवलंबून नसतो. नेहमीचा वायू तापला की प्रसरण पावतो, पसरला की निवतो, म्हणून सूर्याची आग स्वतःला आवरत असते. इथं तसं होत नाही. गाभ्याचं वस्तुमान सूर्याच्या ०.४८ पटीच्या आसपास पोचतं, तापमान दहा कोटी अंशांना भिडतं, हीलियम पेटतो, आणि गाभा पसरत नाही. म्हणून आणखी तापतो, म्हणून आणखी पेटतो. काही क्षण त्या गोळ्यात एका अख्ख्या दीर्घिकेच्या तोडीची ऊर्जा बाहेर पडत असते. खगोलशास्त्रज्ञ याला हीलियम फ्लॅश म्हणतात. बाहेरून यातलं काहीही दिसत नाही. सगळी ऊर्जा त्या दाटलेल्या गाभ्याला सैल करण्यातच खर्च होते. त्यानंतर तारा आक्रसतो, मंदावतो. सूर्याच्या दोन हजार पटींहून जास्त तेजावर गेलेला तारा उतरत उतरत पन्नासेक पटीवर येऊन स्थिरावतो.

म्हणजे तांबड्या ताऱ्याच्या चढण्याला एक शेवट आहे, आणि तो जन्माच्या वजनावर ठरत नाही. सगळ्यांचा गाभा एकाच वजनाला पेटतो, म्हणून सगळे एकाच तेजाला पोचून मागे फिरतात. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. किती नाना तऱ्हांचे तारे, आणि वर जाण्याची मर्यादा एक.

दाटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या या भौतिकीत मुंबईचं बंदर येतं, हे मला नेहमी आठवतं. जुलै १९३० च्या अखेरीस सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हा १९ वर्षांचा मुलगा मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघाला आणि त्या प्रवासात त्यानं अशाच दाटलेल्या वायूचं गणित मांडलं. श्वेतबटूला, म्हणजे जळण संपून उरलेल्या दाट ताऱ्याला, किती वजन पेलेल याची मर्यादा त्यातून पुढे निघाली. तांबड्या ताऱ्याचा गाभा ही त्या श्वेतबटूचीच आधीची अवस्था आहे. पुढे १९४२ साली चंद्रशेखर आणि ब्राझीलचे मारिओ शोनबर्ग यांनी दाखवलं, की जळून संपलेला गाभा ताऱ्याच्या वस्तुमानाच्या सुमारे दहा टक्क्यांच्या पुढे गेला की त्याला वरचं ओझं नेहमीच्या वायूच्या दाबानं पेलता येत नाही. तारे तांबडे राक्षसी का होतात, याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा तिथं सापडला.

दुसरा तुकडा फ्रेड हॉइल यांचा. हे नाव मराठी घरांत जयंत नारळीकरांमुळे पोचलं. केंब्रिजमध्ये ते नारळीकरांचे गुरू आणि नंतरचे सहकारी. तांबड्या ताऱ्यांच्या कहाणीत हॉइल पुन्हा पुन्हा भेटतात. १९५३ साली त्यांनी आग्रहानं सांगितलं, की तीन हीलियम मिळून कार्बन होत असेल तर कार्बनच्या अणुगर्भाला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे. कॅलटेकमध्ये ती शोधली गेली आणि सापडली. तांबड्या ताऱ्याच्या गाभ्यात हीलियम पेटतो तो याच वाटेनं. १९५५ साली हॉइल आणि मार्टिन श्वार्झशिल्ड यांनी ताऱ्याचा सूर्यासारख्या अवस्थेपासून तांबड्या अवस्थेपर्यंतचा चढ गणितानं काढून दाखवला. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. तेव्हाही रात्री आकाशात स्वाती वर येत होता. त्या रात्री मी हॉइल यांच्या या कामांबद्दल पुन्हा वाचत बसलो होतो.

पण गणित मागून आलं. तांबड्या ताऱ्यांची ही वरची कड त्याआधीच कुणीतरी डोळ्यांनी पाहिली होती. त्या माणसाबद्दल सावकाश सांगायला हवं.

वॉल्टर बाडे जर्मन होते आणि १९३१ पासून कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत काम करत होते. दुसरं महायुद्ध सुरू झालं, अमेरिका त्यात उतरली, आणि वेधशाळेतली माणसं एकेक करून युद्धाच्या कामांवर गेली. हबल तोफगोळ्यांच्या मार्गांचं गणित करायला गेले. बाडे कागदोपत्री अजून शत्रुराष्ट्राचे नागरिक, त्यांना युद्धाचं काम मिळणं शक्य नव्हतं. जगातली तेव्हाची सगळ्यात मोठी, १०० इंची दुर्बीण त्यांच्या वाट्याला भरपूर आली. त्यात हल्ल्याच्या भीतीनं खालच्या लॉस एंजेलिसचे दिवे मंद केलेले. डोंगरावर कित्येक वर्षांत नव्हतं असं काळंभोर आकाश होतं.

देवयानीच्या मधल्या भागाचं छायाचित्र तोवर कुणालाही सुटंसुटं काढता आलं नव्हतं. बाहेरच्या वळणांत तारे वेगळे दिसत, मध्ये नुसता धूसर उजेड. बाडेंनी निळ्या प्रकाशाच्या काचपट्ट्या सोडल्या आणि तांबड्या प्रकाशाला संवेदनशील अशा नव्या पट्ट्या घेतल्या, अमोनियानं त्यांची संवेदना वाढवली. तांबड्या प्रकाशाला या पट्ट्या फार संथ, म्हणून एकेका छायाचित्राला तासचे तास लागणार. तेवढा वेळ दुर्बीण देवयानीवर अचूक रोखून धरायची, रात्रीची हवा निवत जाते तसा आरसा किंचित आकार बदलतो त्याच्यावर डोळा ठेवायचा, हवा शांत नसेल तर ती रात्र सोडून द्यायची. १९४३ च्या शरदात अशा निवडक रात्रींत त्यांनी पट्ट्यांवर छायाचित्रं घेतली. त्या धुऊन पाहिल्या तेव्हा धुक्याच्या जागी ठिपके होते. हजारो. देवयानीच्या मध्यात, तिच्या दोन्ही छोट्या सोबतिणींत, सगळीकडे. आणि ते एकेक करून, आधी चारदोन तेजस्वी मग हळूहळू मंद, असे दिसले नव्हते. पट्टीची क्षमता एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली आणि सगळे एकदम उमटले. त्याहून तेजस्वी तांबडे तारे तिथं नव्हतेच.

१९४४ साली बाडेंनी हे प्रसिद्ध केलं. ताऱ्यांच्या दोन वसाहती असतात, एक तरुण निळ्यांची आणि एक म्हाताऱ्या तांबड्यांची, हा विचार त्यातून आला आणि खगोलशास्त्र बदललं. तेवढ्यावर ही गोष्ट थांबत नाही. युद्ध संपल्यावर पालोमारची २०० इंची दुर्बीण आली, आणि बाडे देवयानीत आरआर लायरी जातीचे रूपविकारी तारे शोधायला बसले. हबलच्या अंतरावर भरवसा ठेवला तर ते या नव्या दुर्बिणीला काठावर का होईना दिसायला हवे होते. ते दिसले नाहीत. ज्या मर्यादेवर ते अपेक्षित होते, तिथं फक्त सगळ्यात तेजस्वी तांबडे राक्षसी तारे होते. आपल्या आकाशगंगेतल्या गोलाकार तारकागुच्छांत हे तांबडे तारे आरआर लायरींहून सुमारे दीड प्रतीनं तेजस्वी असतात. प्रत हे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी; दीड प्रतीचा फरक म्हणजे उजेडात चौपट. आणि उजेड अंतराच्या वर्गानं कमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट.

देवयानी हबलनं सांगितलं त्याच्या दुप्पट दूर होती. १९५२ साली रोममध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र परिषदेत बाडेंनी हे सांगितलं. त्या सत्राचं टिपण घेत होते फ्रेड हॉइल. बाडेंचं बोलणं झाल्यावर दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाहून आलेले थॅकरे उठले आणि मॅगेलनी मेघांतल्या आरआर लायरींनीही तसाच निकाल दिला आहे, असं त्यांनी सांगितलं. सेफीडचं मोजमाप बसवताना दोन वेगवेगळ्या जातींची गल्लत झाली होती. एका दुपारी साऱ्या दीर्घिका दुप्पट दूर गेल्या. हबलच्या मापांवरून विश्वाचं वय दोनशे कोटी वर्षांच्या आत येत होतं आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघत होते. ती मोठी अडचण त्या दुपारी सुटायला लागली. या प्रसंगाचं श्रेय बाडेंना देतात ते रास्तच. मला त्यात साक्षीदार म्हणून ते तांबडे तारेही दिसतात. खरं अंतर त्या पट्ट्यांवर आधीच उमटलेलं होतं.

पुढची चाळीस वर्षं ही कड बहुतेकांना माहीत होती, पण मोजपट्टी म्हणून तिच्यावर भिस्त ठेवायला कुणी धजत नव्हतं. काचपट्टीवरच्या ठिपक्यांचं तेज पुरेसं अचूक मोजता येत नसे. इलेक्ट्रॉनिक कॅमेरे आले आणि १९९३ साली म्युंग ग्यून ली, वेंडी फ्रीडमन आणि बॅरी मॅडोर या तिघांनी ती पद्धत रीतसर मांडली. कड शोधण्यासाठी त्यांनी चित्रांतल्या वस्तूंच्या कडा ओळखणारी संगणकाची रीत उचलली. ताऱ्यांची संख्या कुठं एकदम उडी घेते, ते यंत्रालाच सांगू द्यायचं.

ही उडी मी स्वतः काढून पाहिली आहे. हबल दुर्बिणीची जुनी निरीक्षणं सगळ्यांना खुली असतात. शामशबल तारकासमूहात, सप्तर्षींच्या शेजारी, एम १०६ नावाची दीर्घिका आहे. तिच्या बाहेरच्या विरळ भागातल्या ताऱ्यांची यादी घेऊन बसलो. हजारो ओळी, प्रत्येक ओळ एक तारा, आणि त्याच्या वाट्याला दोन आकडे. एक दृश्य प्रकाशातल्या गाळणीतून मोजलेल्या तेजाचा, दुसरा जवळच्या अवरक्तातल्या गाळणीतून मोजलेल्या तेजाचा. आडव्या अक्षावर रंग, उभ्या अक्षावर अवरक्तातलं तेज. ठिपके टाकत गेलं की खालून एक दाट, किंचित उजवीकडे कललेली फांदी वर चढते. ती तांबड्या ताऱ्यांची. वर जाताना ती थोडी वळते, आणि मग २५.३५ प्रतीच्या आसपास संपते. वर अगदीच ओस नसतं, आणखी पुढच्या अवस्थेतले काही तारे तुरळक सापडतात, म्हणून डोळ्यांना ती कड थोडी पुसट वाटते. पण ठिपके खणांत मोजायला घेतले की ती स्पष्ट होते. खालच्या खणात दाटी, वरच्या खणात एकदम चारदोन.

ती रेघ ज्या ठिपक्यांमुळे आहे, त्यातला प्रत्येक तारा आपापल्या हीलियम फ्लॅशच्या अगदी उंबरठ्याशी आहे. तिथं तारा फार काळ थांबत नाही, म्हणून एकट्यादुकट्या ताऱ्यावर हे मोजमाप उभं राहत नाही. ताऱ्यांचा मोठा समुदाय लागतो. त्यातला अमुक एक तारा कोण, हे कधीच विचारावं लागत नाही.

एम १०६ ची निवड उगाच केलेली नव्हती. तिच्या मध्यात एक प्रचंड कृष्णविवर आहे, त्याच्याभोवती फिरणाऱ्या तबकडीत पाण्याची वाफ रेडिओलहरींत चमकते. त्या चमकणाऱ्या ठिपक्यांचा वेग आणि आकाशातली त्यांची सरक एकत्र मोजली, की शुद्ध भूमितीनं अंतर निघतं: सुमारे अडीच कोटी प्रकाशवर्षं, दीड टक्क्याच्या आत अचूक. या अंतरासाठी कुठल्याच ताऱ्याच्या तेजावर विसंबावं लागत नाही. २५.३५ मधून या अंतराचा वाटा वजा केला की कडेची निरपेक्ष प्रत येते, उणे ४.०५. ३२.६ प्रकाशवर्षांवर ठेवला तर असा तारा अवरक्तात शुक्राच्या तोडीचा दिसेल. मोठ्या मॅगेलनी मेघाचं अंतर एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांवरून एक टक्क्यापर्यंत ठरलेलं आहे, सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षं, आणि तिथूनही कडेचं उत्तर जवळपास तेच येतं. आता देवयानीकडे वळायचं. तिच्या तांबड्या ताऱ्यांची कड २०.५ च्या आसपास आहे. फरक साधारण साडेचोवीस प्रतींचा, अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. बाडेंच्या पट्ट्यांवर जे ठिपके होते, त्यांच्याच कडेवरून काढलेलं.

ताऱ्यात जड मूलद्रव्यं जास्त असली की तो जास्त तांबडा होतो आणि त्याच्या वातावरणातले रेणू प्रकाश गिळतात, कडही खाली झुकते. दीर्घिकेच्या बाहेरच्या भागातले जुने तारे या बाबतीत गरीब असतात, म्हणून तिथं कड सपाट मिळते. म्हणून निरीक्षक दीर्घिकेच्या झळाळत्या मध्याकडे पाठ फिरवतात आणि दुर्बीण जवळजवळ रिकाम्या भागावर रोखतात. जेम्स वेब दुर्बिणीनं काढलेली या कामाची छायाचित्रं पाहिली तर बहुतेकांना ती काळी वाटतील. मला ती फार देखणी वाटतात.

हे अंतर नेमकं असण्याला किती महत्त्व आहे, हे २०१८ नंतरच्या एका वादानं दाखवून दिलं. तिमिंगल तारकासमूहात एनजीसी १०५२-डीएफ२ नावाची एक विरळ, फिकट दीर्घिका आहे. तिच्यात कृष्णद्रव्य जवळजवळ नाहीच, असा दावा झाला. दुसऱ्या गटानं म्हटलं, ती सुमारे ४.२ कोटी प्रकाशवर्षांवरच आहे, आणि तसं धरलं तर तिच्यात काहीच विचित्र उरत नाही. शेवटी हबल दुर्बिणीनं तिच्या तांबड्या ताऱ्यांवर दीर्घ निरीक्षणं केली. २०२१ साली उत्तर आलं: ७.२ कोटी प्रकाशवर्षं. दीर्घिका विचित्रच राहिली. कृष्णद्रव्याबद्दलचा एवढा मोठा प्रश्न एका कडेवर येऊन टेकला होता.

याहून मोठा प्रश्न अजून उभा आहे. विश्व किती वेगानं पसरतं? प्लँक उपग्रहानं विश्वाच्या बालपणीच्या प्रकाशावरून काढलेला आकडा ६७.४ आहे, म्हणजे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला तेवढे किलोमीटर. अ‍ॅडम रीस यांच्या गटानं सेफीडवरून काढलेला ७३. दोन्ही गटांनी आपापल्या चुका कसून शोधल्या आहेत आणि हा फरक काही मिटत नाही. तो खरा असेल तर आपल्या विश्वशास्त्रात काहीतरी मोठं राहून गेलं आहे. वेंडी फ्रीडमन यांनी पूर्वी हबल दुर्बिणीचा सेफीडचा मोठा प्रकल्प चालवला होता, २००१ साली त्यातून ७२ हा आकडा आला होता. त्याच बाईंनी २०१९ मध्ये सेफीड बाजूला ठेवून तांबड्या ताऱ्यांवरून मोजलं आणि ६९.८ सांगितले. दोन्हींच्या मधोमध. वेब दुर्बिणीच्या नंतरच्या निरीक्षणांतही त्यांचं उत्तर ७० च्या आसपासच राहिलं. ज्या पद्धतीनं नाव मिळालं तिच्याबद्दलच पुन्हा शंका घेऊन नव्यानं मोजायला बसणं याला फार बळ लागतं, आणि फ्रीडमन यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो त्यासाठी. रीस यांच्या बाजूचे लोक तेच तांबडे तारे वापरून ७२-७३ काढतात, तेही तितक्याच प्रामाणिकपणे.

एकच तारा दोघांना वेगळं उत्तर कसं देतो? तारे फक्त जवळच्या दीर्घिकांपर्यंत पोचवतात. पुढचा पल्ला सुपरनोव्हांचा, आणि जिथं तांबडे तारेही सुटे दिसतात आणि योग्य जातीचा सुपरनोव्हाही होऊन गेला आहे, अशा दीर्घिका मोजक्याच. एका दीर्घिकेत असा सुपरनोव्हा शतकांतून एखादा. कुठल्या दीर्घिका घेतल्या, कुठल्या वगळल्या, यावर आकडा हलतो.

म्हणून आता काही जण सुपरनोव्हांनाच वळसा घालत आहेत, आणि त्यांची वाट मला सगळ्यात जास्त खुणावते. जॉन टॉन्री आणि डोनाल्ड श्नायडर यांनी १९८८ साली सुचवलेली एक रीत आहे. दीर्घिका फार दूर गेली की तिच्यातले तारे सुटे दिसत नाहीत, पण तिचा उजेड तरीही अगदी गुळगुळीत नसतो. घाटाच्या पायथ्याशी उभ्या ज्वारीत कणसं मोजता येतात, वर चढत गेलं की कणसं हरवतात पण रानाचा खरखरीतपणा दिसत राहतो, आणि खूप उंचावर गेल्यावर तोही पुसट होतो. दीर्घिकेतला हा खरखरीतपणा मुख्यत्वे तांबड्या राक्षसी ताऱ्यांमुळेच येतो. एका चौकटीत असे तारे चारदोन जास्त, शेजारच्या चौकटीत चारदोन कमी, एवढ्यानंच. तो मोजला की अंतर निघतं. आता वेब दुर्बिणीनं कन्या आणि अश्मंत तारकासमूहांतल्या दीर्घिकासमूहांत तांबड्या ताऱ्यांची कड मोजली जाते आहे, तिच्यावर हा खरखरीतपणा बसवला जातो आहे, आणि त्याच्या आधारानं अरुंधती केशातल्या दीर्घिकांच्या गर्दीपर्यंत जाता येतं, तीस कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडे. सुरुवातीला तांबडे तारे सुटेसुटे, पुढे तेच एकमेकांत मिसळलेले. सेफीड नाहीत, सुपरनोव्हा नाहीत.

या वाटेनं आलेला पहिला आकडा ७३ ते ७४ च्या मधला आहे, सुमारे अडीच आकड्यांची अनिश्चितता धरून. फ्रीडमन यांचे ७० आणि हे ७३-७४, दोन्हींच्या तळाशी तांबड्या ताऱ्यांची तीच कड. माझा कल असा आहे, की गडबड असलीच तर ती कडेत नसून कडेकडून पुढच्या पायरीकडे जाताना कुठंतरी आहे, कारण दोन्ही गटांच्या कडेच्या मापनांत इतका फरक राहिलेला नाही. कन्येतल्या आणखी दीर्घिका मोजून होतील तेव्हा ते दिसेल.